विमानाचं भाडंच का नाही पाठवलंत?

फिजीला शाळेचे वर्ग बांधायला गेलो होतो म्हटलं की हा प्रश्न येतोच. ऑकलंडहून चौघांच्या जाण्यायेण्याला जे लागलं, त्यात तिथल्या सुतारांची कितीतरी दिवसांची मजुरी भागली असती की!

भागली असती. आधीच कबूल करून टाकतो.

२० फेब्रुवारी २०१६ ला विन्स्टन चक्रीवादळ फिजीच्या व्हिती लेवू बेटावर आदळलं. ४४ माणसं गेली. नुकसान देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाएवढं. पोरं तंबूत बसून शिकायला लागली. आम्ही पुढच्या वर्षी राकिराकीच्या बाजूच्या एका गावात गेलो. पहिल्या दिवशी हातोडीला हात नाही. यांगोनाच्या मुळ्यांची जुडी गावच्या प्रमुखापुढे ठेवायची, परवानगी मागायची, मग टाळी वाजवून त्याच मुळ्यांचं पेय करवंटीतून प्यायचं. चव गढूळ पाण्याची, आणि जीभ बधिर.

दुसऱ्या दिवशी छपरावर चढलो. मी श्रीवर्धनचा, आमच्याकडे पत्रा उडू नये म्हणून वर चिरे ठेवतात. तिथल्या म्हाताऱ्या सुताराला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. वादळ छपराला दाबत नाही, वर उपटतं. म्हणून पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत पायाला बांधलेली हवी. या साखळीतली एक कडी सुटली की बाकीच्या असून नसल्यासारख्या. रीप आणि वासा यांच्यावरून लोखंडी पट्टी वळवून ठोकतात. वळचणीला आणि आढ्याला स्क्रू दाट, कारण ओढ तिथेच जास्त.

मला स्क्रूचं काम दिलं. दुपारपर्यंत एक अख्खी ओळ मी जोर लावून आवळली. सुताराने वर येऊन बोट फिरवलं: रबराचे वायसर चेपून कडेने बाहेर आले होते. तिथून पाणी गळणार. काही न बोलता त्याने सगळे काढले आणि नवे बसवले. माझं तिकीट आणि त्याचा अर्धा दिवस, दोन्ही हिशेबात धरा.

त्यानंतर माझं काम स्क्रू आणि पट्ट्या मोजायचं. हे मात्र मला जमलं. घाईत एखादी पट्टी राहून जातेच, आणि पुढच्या वादळात गाव त्याच वर्गांत आसऱ्याला येणार. त्या चार आठवड्यांत पंधरा पट्ट्या राहिलेल्या सापडल्या. तिकिटाच्या बदल्यात पंधरा पट्ट्या! सौदा महागच.

म्हणून आता दर वर्षी पैसेच पाठवतो. जाणं बंद केलं.

पण तुमच्या हिशेबात न बसणारी एक गोष्ट आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या घराचं पाखं उडालं. धाकटा भाऊ पुन्हा चिरे ठेवायच्या बेतात होता. मी फोनवरून तासभर डोकं खाल्लं. बाजारात तशा पट्ट्या मिळेनात, तेव्हा त्याने वेल्डिंगवाल्याकडून कापून आणल्या आणि मला फोटो पाठवला. पट्ट्या जागच्या जागी होत्या. वायसर मात्र सगळे चेपलेले.