तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनीचा मेल पेनड्राइव्हवर कशासाठी?

आमचा कारखाना बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कर्नाटकात, आणि गोदाम वेंगुर्ला रस्त्यावर शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्रात आहे. मालक एकच असले तरी जीएसटी क्रमांक दोन आहेत, एक २९ ने सुरू होणारा आणि दुसरा २७ ने, त्यामुळे आपलाच माल आपल्याच गोदामात पाठवताना आंतरराज्य पुरवठ्याचे बिल करावे लागते. हे सोपस्कार माझ्याकडे असल्याने मी तीन दिवस इकडे आणि तीन दिवस तिकडे बसतो. टेबल आणि संगणक दोन्हीकडे आहेत. मेलबॉक्स मात्र खिशातल्या पेनड्राइव्हवर असतो, आणि तो लावताना पाहणारा प्रत्येक नवा माणूस विचारतो, की सगळे जग ब्राउझरमध्ये मेल पाहत असताना तुम्ही हे काय करता?

आमच्या मेल सर्व्हरवर जागा बेताची आहे आणि कास्टिंगच्या ड्रॉइंगांनी ती पंधरवड्यात भरते, म्हणून आम्ही पॉप पद्धतीने मेल उतरवून घेतो आणि सर्व्हर रिकामा ठेवतो. पूर्वी दोन्ही संगणकांवर वेगवेगळा प्रोग्राम होता, तेव्हा उद्यमबागेत उतरलेली ऑर्डर शिनोळीत दिसत नसे आणि एका पार्टीला दोनदा, तेही वेगवेगळे, उत्तर जाई. थंडरबर्ड या मेल प्रोग्रामच्या पोर्टेबल, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या, आवृत्तीने ही कटकट संपवली. प्रोग्राम, खाती, पत्ते, फिल्टर आणि सगळे मेल एकाच फोल्डरमध्ये राहतात, संगणकावर काही इन्स्टॉल करावे लागत नाही, आणि इथे ड्राइव्हला ई हे अक्षर मिळाले व तिथे एफ, तरी तिचे काही अडत नाही.

अद्दल मात्र एकदा घडली. शनिवारी बस चुकू नये म्हणून थंडरबर्डची खिडकी बंद केल्याबरोबर, दिवा लुकलुकत असतानाच, मी पेनड्राइव्ह उपटला. सोमवारी शिनोळीत इनबॉक्स उघडला तर यादी कोरी होती. मेल गेले नव्हते. ते 'इनबॉक्स' नावाच्या एका लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक तसेच होते, बिघडली होती ती शेजारची एमएसएफ ही सूची. प्रोग्राम बंद करून ती सूची पुसली आणि पुन्हा उघडल्यावर थंडरबर्डने नवी तयार केली. त्या दहा मिनिटांत माझे काय झाले ते मीच जाणे. तेव्हापासून 'सुरक्षितपणे काढा' म्हटल्याशिवाय मी हात लावत नाही, बस गेली तर गेली.

याच लांबलचक फाइलमुळे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पुसलेला मेल लगेच नाहीसा होत नाही, त्याच्यावर फक्त खूण होते, आणि 'कॉम्पॅक्ट' केल्याशिवाय फाइल आटत नाही. बाजारातले बरेच पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यावर कोणतीही एक फाइल ४ जीबीपर्यंत जाऊ शकत नाही, म्हणून मी आधीच ही अडचण नसलेले एनटीएफएस फॉरमॅट करून घेतले.

हरवला तर? हा प्रश्न मालकांनीच विचारला होता, आणि परवानगीही त्याचे उत्तर मिळाल्यावरच दिली. थंडरबर्डचा प्रायमरी पासवर्ड साठवलेल्या पासवर्डांनाच कुलूप लावतो, मेलच्या फाइली उघड्याच राहतात. त्यामुळे पूर्ण ड्राइव्हला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचेच पासवर्डचे कुलूप, लावले आहे. ते लावण्यासाठी उद्यमबागेतले प्रो विंडोज लागले, पण पासवर्ड देऊन उघडायला शिनोळीतले होम विंडोज चालते. कुलूप चोरापासून वाचवते, बिघडलेल्या चिपपासून नाही, म्हणून रोज संध्याकाळी तो सगळा फोल्डर उद्यमबागेत किंवा शिनोळीत, जिथे असेन तिथल्या संगणकावर कुलूपबंद उतरवतो.

तुमच्या कंपनीत सर्व्हरवर भरपूर जागा आणि आयमॅप, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवण्याची पद्धत, असेल, तर मेल तसेही सगळीकडे सारखेच दिसतात. तुम्ही या भानगडीत पडू नका. आमच्याकडे जागा वाढवून मागितली आहे, मंजुरी अजून यायची आहे.