उचल, कोयता आणि सहा महिन्यांचं गाव

स्थलांतर म्हटलं की लोकांना कायमचं गाव सोडणं आठवतं. बीडचा ऊसतोड कामगार मात्र दरवर्षी जातो आणि दरवर्षी परत येतो. हे हंगामी, चक्राकार स्थलांतर. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटककडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात.

कोरडवाहू जमीन आणि बेभरवशाचा पाऊस हे कारण खरंच, पण अर्धंच. माणसाला बांधून ठेवते ती उचल. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, हंगामाआधीच रोख रक्कम देतो आणि ती टनामागच्या मजुरीतून वळती होते. हिशेब माणशी नसून 'कोयत्या'चा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा असतो. बाई आजारी पडली की जोडीचं काम अडतं आणि खाड्याचे पैसे कापले जातात. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते, आणि पाय पुन्हा फडाकडेच, म्हणजे तोडणीच्या उसाच्या शेताकडेच वळतात.

फडात तो बुडातून ऊस तोडतो, ती पाचट काढून मोळ्या बांधते. मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. गाडी रात्री दोनला आली तरी भरावीच लागते. उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पानांचा चारा विकून मिळणारे चार पैसे हीच हातातली रोकड.

मुलांचं वर्ष ऐन मध्यावर तुटतं. गावात हंगामी वसतिगृह वेळेत, म्हणजे गाड्या निघण्याआधी सुरू झालं तरच ती मागे राहतात. महिनाभराने उघडलेल्या वसतिगृहाचा उपयोग नाही, तोवर मूल कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत धाकट्या भावंडाला सांभाळत असतं.