गेल्या वर्षीची यादी

२७ जून २०२५, शुक्रवार. नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टची, म्हणजे संघांनी आळीपाळीने होतकरू तरुण खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमाची, पहिली फेरी लॉस एंजेलिसच्या पीकॉक थिएटरमध्ये होती. त्या वर्षी संघांनी तेथे लवाजम्यानिशी न जाता आपापल्या गावातूनच निवड कळवायची असे ठरल्यामुळे आम्ही सगळे आमच्या कार्यालयातील बैठकीच्या खोलीत, थंड झालेल्या पिझ्झाच्या खोक्यांमध्ये बसलो होतो. माझे काम करारांचा आणि वेतनमर्यादेचा, म्हणजे एका हंगामात संघाला खेळाडूंच्या पगारावर जास्तीत जास्त जेवढा खर्च करता येतो त्या आकड्याचा, हिशेब ठेवण्याचे. सांगलीतील माझे काका अजूनही ‘गवतावर की टर्फवर?’ असे विचारतात. बर्फावर, असे सांगितले की विषय बदलतात.

त्या दिवशी आमच्यासमोर प्रश्न होता तो एका बचावपटूचा. वय ३०, कराराची चार वर्षे शिल्लक आणि वेतनमर्यादेत दरवर्षी ५० लाख डॉलर धरले जाणारे. वेतनमर्यादा ८ कोटी १५ लाख डॉलरवर तीन हंगाम गोठलेली होती, त्या काळात असा करार दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा तर वर ड्राफ्टमधला एखादा क्रमांकही, म्हणजे निवडीची आपली एक पाळीही, द्यावी लागे, आणि आमच्या व्यवस्थापनातील जुन्या मंडळींच्या डोक्यात अजून तोच भाव होता. मी मात्र आठवडाभर एकच गोष्ट मांडत होतो. नुकत्याच संपलेल्या हंगामातील ८ कोटी ८० लाखांची मर्यादा येत्या हंगामात ९ कोटी ५५ लाख, त्यानंतर १० कोटी ४० लाख आणि २०२७-२८मध्ये ११ कोटी ३५ लाख होणार, हे लीगने जानेवारीतच जाहीर केले होते. म्हणजे आज मर्यादेच्या ५.७ टक्के जागा अडवणारा हा करार तिसऱ्या वर्षी ४.४ टक्क्यांवर येणार होता. तेव्हा हा खेळाडू द्यायचाच असेल तर पदरचे काही न देता, उलट काहीतरी घेऊन द्यावा, असे माझे म्हणणे होते.

ड्राफ्ट सुरू होण्याआधीच न्यूयॉर्क आयलंडर्सने नोआ डॉब्सनला मॉन्ट्रियलकडे धाडल्याची बातमी आली. मोबदल्यात १६वा आणि १७वा असे दोन क्रमांक, शिवाय एमिल हाइनेमन हा आघाडीच्या फळीतला खेळाडू. डॉब्सन २५ वर्षांचा आणि त्याच्याशी वर्षाला ९५ लाखांचा आठ वर्षांचा करार झालेला, त्यामुळे आमच्या माणसाची त्याच्याशी तुलना होण्यासारखी नव्हती. पण बाजारात बचावपटूंचा भाव काय आहे, ते सगळ्यांना कळले. तासाभरात आम्हाला दोन फोन आले. त्यांपैकी एका संघाने दुसऱ्या दिवशीच्या दुसऱ्या फेरीतील आपला क्रमांक देऊ केला, आणि आमच्या खेळाडूच्या पगाराचा काही भाग पुढेही आम्हीच भरावा अशी अट घातली नाही.

जनरल मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिले. मी तक्ता उघडून त्या खेळाडूच्या ‘नो-ट्रेड’ कलमाची ओळ पाहिली. कोणत्या दहा संघांकडे जाण्यास आपण नकार देऊ शकतो, त्यांची यादी त्याने दरवर्षी द्यायची, असे ते कलम होते. समोरच्या संघाचे नाव त्यात नव्हते. मी होकार दिला. होतकरू खेळाडू हेरणाऱ्या आमच्या मुख्य स्काउटने लगेच फळ्यावरून एका गोलरक्षकाच्या नावाची चुंबकपट्टी काढून दुसऱ्या फेरीच्या रकान्यात लावली. त्या मुलाचा पाठपुरावा तो दोन हिवाळे करत होता.

केवळ शिष्टाचार म्हणून जनरल मॅनेजरांनी खेळाडूच्या एजंटला फोन लावला आणि बोलता बोलता ते थांबले. यंदाची यादी दहा दिवसांपूर्वीच ई-मेलने आली होती, आणि या संघाचे नाव तिच्यात सातवे होते. माझ्या तक्त्यात होती ती गेल्या वर्षीची यादी. नवा तक्ता करताना मी जुन्यावरूनच ओळी उचलल्या होत्या. लीगच्या नोंदणी कक्षात ही चूक नक्की पकडली गेली असती, पण तोवर दोन्ही संघांची शोभा झाली असती. खेळाडूची संमती मिळते का ते पाहावे म्हणून एजंटने वीस मिनिटे मागितली, आणि बाराव्या मिनिटालाच नकार कळवला. मुलांची शाळा, एवढेच कारण.

खोलीत कोणी मला काही बोलले नाही, आणि तेच जास्त लागले. स्काउटने ती पट्टी मुकाट्याने होती तेथे परत लावली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फेरीत तो गोलरक्षक आम्हाला देऊ केलेल्या क्रमांकाच्या तीन जागा आधीच निवडला गेला, म्हणजे सौदा झाला असता तरी तो आमच्या हाती लागला नसता. स्काउटने दुरूनच माझ्याकडे पाहून खांदे उडवले.

बचावपटू सप्टेंबरच्या सराव शिबिराला आमच्याकडेच आला. त्याच्या करारावरून मी आजही भांडायला तयार आहे. टक्केवारीचा हिशेब चुकलेला नव्हता. तक्त्यात आता प्रत्येक कलमापुढे ‘यादी मिळाल्याची तारीख’ असा एक रकाना आहे, आणि १ जुलैआधी तो भरल्यावर मी एजंटला फोन करून दहाही नावे मोठ्याने वाचून दाखवतो.