वही बाहेर ठेवून वर्गात गेलो तेव्हा

सावळघाट उतरून पेठ तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी आलो, तेव्हा चहाच्या वेळी एकच पालुपद ऐकू यायचं: "घरी कोणी अभ्यास घेत नाही, आपण काय करणार?" दिवाळीनंतर बरीच मुलं आईबापांबरोबर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातात. परत आली की पुन्हा अक्षरांपासून सुरुवात. पालुपदात माझाही सूर होताच.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९९३ साली लिहिलं होतं, की 'आपण सगळे मिळून या मुलांना शिकवू शकतो' हा शिक्षकांचा विश्वास आणि शाळेची प्रगती यांचा संबंध असतो. त्याच्या मते हा विश्वास सर्वांत जास्त वाढतो तो स्वतःला यश आल्यानं, आणि आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं पाहिल्यानं. नुसत्या सांगण्याचा जोर कमी. (प्रशिक्षणांत आमच्या वाट्याला नेमकं हेच जास्त येतं.)

मुख्याध्यापकांनी ठरवलं, एकमेकांच्या तासाला बसायचं. पहिल्यांदा मी वही घेऊन गेलो आणि चुका टिपल्या. तिसरीच्या मॅडम दोन दिवस बोलल्या नाहीत. "साहेब तपासणीला येतात तसे आलात," एवढंच म्हणाल्या.

मग नियम बदलला. ज्याचा वर्ग, त्यानं बोलवायचं आणि काय बघायचं तेही त्यानंच सांगायचं. मॅडमनी तीन मुलं दाखवली, "ही कुठे अडतात बघा." मुलं कोकणीत गोष्ट सांगत होती. हो, इथली आदिवासींची कोकणी, समुद्राकाठची नव्हे. मॅडम ती त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहीत, खाली पुस्तकी मराठी. तिघंही बोट ठेवून वाचू लागली. त्यातल्या एकाचा मोठा भाऊ माझ्या वर्गात, आणि तो वर्षभर गप्प! मी निफाडकडचा, मला ती बोली येत नाही, एवढं साधं कारण होतं.

नंतर मॅडम माझ्या तासाला बसल्या. म्हणाल्या, "सर, प्रश्न विचारून उत्तरही तुम्हीच देता." लागलं, पण खरं होतं.

आता जेवणानंतरचा एक तास इयत्ता बाजूला ठेवतो. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे वाचनाचे चार गट आणि आम्ही चौघं. एक सर अजून आपल्या तासाला कुणालाच बोलवत नाहीत. पण मार्चमध्ये बागेवरून एक पोरगी परतली, तेव्हा पालुपद सोडून त्यांनीच विचारलं, "हिला कुणाच्या गटात घ्यायचं?"