टर्कीच्या तंगड्या फेकू नका रे

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात एप्रिलचा तिसरा सोमवार जवळ आला की आमच्या ऑफिसातली बरीच मंडळी एकदम आजारी पडायला लागतात, कारण टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीचा स्प्रिंग सीझन सुरू होतो. मीही जातो. घरी फोनवर सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "अरे हे असलं चालतं का तिकडे?" आपल्याकडे 1972 च्या कायद्यापासून शिकार बंद, त्यामुळे प्रश्न बरोबरच आहे. इथे चालतं, पण नियमात. 1 जानेवारी 1967 ला किंवा नंतर जन्म असेल तर आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परमिट, आणि अख्ख्या स्प्रिंग सीझनमध्ये दोनच पक्षी, तेही नर किंवा छातीवर दाढी, म्हणजे केसांसारख्या पिसांचा झुपका, असलेले (काही माद्यांनाही दाढी असते, गंमत आहे). एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो, म्हणून थोडे नर कमी झाले तरी पिल्लांवर फारसा फरक पडत नाही.

आणि हे पक्षी इथे जवळजवळ संपले होते बरं का. 1950 च्या आसपास सगळ्या मिसूरीत मिळून काही हजारसुद्धा नव्हते. आधी पिंजऱ्यात वाढवलेले सोडून बघितले, ते काही जंगलात तगले नाहीत, मग जंगलातलेच जाळी उडवून पकडून दुसऱ्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) नेऊन सोडायला लागले, ते मात्र जमलं आणि 1960 ला सीझन परत उघडला. बंदुका-काडतुसांवरचा केंद्राचा टॅक्स 1937 पासून वन्यजीवांच्या कामाला जातो, तेव्हा माझ्या काडतुसांच्या डब्याचाही त्याला थोडा हातभार.

खरी शिकार म्हणजे कानांचं काम. ओझार्क नावाच्या इथल्या डोंगराळ भागात ओकच्या जंगलात अंधारातच जाऊन झाडाला पाठ टेकून बसायचं, झाड खांद्यापेक्षा रुंद हवं, म्हणजे मागून कुणी चुकून गोळी घातली तरी आडोसा. लाल, पांढरं, निळं काही घालायचं नाही, अगदी खिशातला रुमालसुद्धा, कारण नराच्या डोक्याचे हेच रंग आणि समोरचा शिकारी तेवढंच बघत असतो. उजाडायच्या आधी घुबडाचा आवाज काढला की झाडावर झोपलेला नर चिडून गॉबल करतो, म्हणजे त्याची हाक देतो, झालं, पत्ता मिळाला! मग स्लेटवर काडी घासून मादीचा आवाज काढायचा, पण थोडाच. नवीन लोक इथेच घाण करतात, वाजवत सुटतात. निसर्गात मादी नराकडे जाते, इथे आपण त्याला उलटं बोलावतोय, त्यामुळे तो लांब उभा राहून पिसारा फुलवतो आणि वाट बघतो. तेव्हा गप्प बसणं सगळ्यात अवघड, वर पायावर गोचीड चढत असतात ते वेगळंच. चाळीस यार्डाच्या आत आला तरच, आणि नेम डोकं-मानेवर, अंगावर मारलात तर मांसात छर्रेच छर्रे.

पडला की आधी परमिटला खाच पाडायची, म्हणजे ते वापरलं ही खूण, आणि त्याच दिवशी रात्री 10 च्या आत वन्यजीव खात्याला कळवायचं. मग साफसफाई. पोट लवकर उघडून थंड करा, एप्रिलमध्ये दुपार तापते. मानेखालची दाण्यांची पिशवी फाटू देऊ नका. नराच्या छातीवर पिवळट चरबीचा मऊ थर असतो, माद्यांच्या मागे फिरताना तो नीट खात नाही तेव्हा त्यावर जगतो, तो काढून टाका, चव बिघडवतो. कलेजी-पेटा ठेवा.

आता माझा खरा राग. इथे बरेच जण नुसती छाती काढून घेतात आणि तंगड्या फेकतात, म्हणे चिवट असतात. अहो असणारच, हा पक्षी आयुष्यभर पायी फिरतो, आणि तंगडीत काडेपेटीच्या काड्यांसारख्या कडक शिरा असतात. पण आपल्याकडे कुकर आहे की! कातडी काढून हळद, मीठ, आलं-लसूण लावायचं, भरपूर पाणी घालायचं, शिट्टी झाली की गॅस बारीक करून पाऊण तास. मग त्या शिरा हाताने सहज ओढून निघतात. ते अळणी पाणी म्हणजे सोनं, ब्रॉयलर कोंबडीला तशी चव येणं शक्य नाही. सुकं खोबरं, तीळ, खसखस भाजून वाटायचं, कांदा-लसूण मसाला सढळ हाताने, तांबडा रस्सा त्याच पाण्यात करायचा आणि मांसाचं वेगळं सुक्कं.

छातीचं मात्र उलट. चरबी नाही, जरा जास्त शिजलं की लाकूड. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायची, सकाळी रेषांना आडवे पातळ काप करून, तिखट-मीठ आणि रवा लावून तव्यावर पटकन तळायचे. आत 74 डिग्री सेल्सिअस झालं की लगेच उतरवा.

आणि पाहुणे असतील तर आधीच सांगून ठेवा, हळू चावा म्हणून. कितीही बघितलं तरी एखादा छर्रा राहतोच आणि तो नेमका जावयाच्याच दाताखाली येतो.