दातेरी लाट

महापे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात त्या दिवशी सकाळपासून क्लायंटचे फोन. जलविद्युत केंद्राचं सिम्युलेशन त्यांच्याच माणसांनी चालवलं होतं. एक लाइन ट्रिप केली, म्हणजे अचानक तोडली, की जनरेटरच्या टर्मिनल व्होल्टेजवर लाट उठायची आणि वाढतच जायची. "रेझोनन्स आहे, फिल्टर केवढा लागेल तेवढं सांगा," एवढीच मागणी. त्यांच्या मते ग्रिड आपल्या नैसर्गिक वारंवारतेवर झुलत होतं.

फाइल नुकत्याच रुजू झालेल्या मुलीकडे होती. म्हटलं, "झूम कर, ठिपके दिसेपर्यंत." एक ठिपका वर, पुढचा खाली, पुन्हा वर. करवतीचे दात! टाइम स्टेप, म्हणजे गणिताच्या दोन टप्प्यांमधला वेळ, ५० मायक्रोसेकंद; दोन स्टेपचं एक आवर्तन, म्हणजे १० किलोहर्ट्झ. स्टेप २५ केली, तर तीच लाट २० किलोहर्ट्झवर.

"सर, म्हणजे हे मशीनमधलं नाहीच?"

"खऱ्या रेझोनन्सला आपली स्टेप कुठून कळणार?"

रॉबर्ट पार्क यांनी १९२९ साली मांडलेल्या रूपांतरामुळे रोटरबरोबर (जनरेटरच्या फिरत्या भागाबरोबर) फिरणाऱ्या अक्षांवर मशीनचे इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) स्थिर होतात, गणित सुटसुटीत होतं. बाहेरचं ग्रिड मात्र तीन फेजमध्येच राहतं. इथे मशीन ग्रिडला करंट सोर्स (ठरलेला करंट देणारा स्रोत) म्हणून जोडलेलं, आणि तो करंट मागच्या स्टेपच्या व्होल्टेजवरून काढलेला. लाइन सुटून उरलेल्या ग्रिडचा इंडक्टन्स मशीनच्या सबट्रान्झियंट (धक्क्यानंतरच्या पहिल्या क्षणांतल्या) इंडक्टन्सच्या वर गेला, की चूक दर स्टेपला चिन्ह बदलून फुगते. स्टेप बारीक केली तर दात बारीक होतात, दुखणं तसंच. टर्मिनलला रेझिस्टर लावून दाबता येतं, बरेच जण लावतातही. मला पटत नाही; नसलेला लोड कागदावर वीज खात बसतो.

मॉडेलच बदललं. रोटर फिरत्या अक्षांवरच ठेवला, स्टेटर, म्हणजे स्थिर भाग, तीन फेजमध्ये आणला: सबट्रान्झियंट रिअ‍ॅक्टन्स (इंडक्टन्सचा एसी करंटला होणारा विरोध) आणि त्यामागे व्होल्टेज. स्टेटर आणि ग्रिडची समीकरणं एकदम सुटली, दात गेले, स्टेप २०० वर नेली तरी परतले नाहीत. पण जलविद्युतचा रोटर सेलियंट पोलचा, म्हणजे बाहेर आलेल्या ध्रुवांचा; दोन्ही अक्षांचा सबट्रान्झियंट रिअ‍ॅक्टन्स वेगळा. त्यामुळे रोटर फिरेल तसा समीकरणांच्या गुणकांचा मॅट्रिक्स बदलतो आणि दर स्टेपला नव्याने सोडवावा लागतो. मशिनं बरीच असली की रन रेंगाळतो. त्यावर तोड म्हणजे क्यू अक्षावर (दोन फिरत्या अक्षांपैकी ध्रुवांच्या मधून जाणाऱ्या) एक काल्पनिक डँपर वाइंडिंग (रोटरवरचं झोके दाबणारं वेटोळं) घालून दोन्ही रिअ‍ॅक्टन्स सारखे करायचे. त्याचा रेझिस्टन्स असा निवडायचा, की आपल्याला हव्या त्या वारंवारतांना धक्का लागू नये. मॅट्रिक्स स्थिर राहतो.

संध्याकाळी ५० आणि २५ स्टेपचे आलेख शेजारी शेजारी लावून पाठवले. उत्तर आलं, "मग फिल्टरचं काय?"

लिहिलं, "लागत नाही. ते काल्पनिक वाइंडिंग मात्र रिपोर्टमध्ये नोंदवा, नाहीतर पुढचा माणूस ते रोटरच्या ड्रॉइंगमध्ये शोधत बसेल."