पत्र मुलीला, चित्रपट आईचा
पिएर साल्वादोरी यांचा २०१० सालचा ‘द व्रे माँसोंज’ हा फ्रेंच चित्रपट मी ऑद्रे तोतूसाठी पाहायला घेतला आणि नाताली बाय यांच्यासाठी शेवटपर्यंत पाहिला. सेत या बंदराच्या गावात केशकर्तनालय चालवणारी एमिली (तोतू) स्वतःला आलेले निनावी प्रेमपत्र, नवरा सोडून गेल्यामुळे खचलेल्या आईला (बाय) पाठवून देते. त्या पत्राने आईच्या चेहऱ्यावर परतणारा उजाळा, आणि त्यामागची कुणालातरी हवे असण्याची भूक, बाय इतक्या संयमाने दाखवतात की हसता हसता डोळे भरून येतात. तोतूची धावपळ गोड आहे, पण ती जाणवते. सेझार हे फ्रान्सचे मानाचे चित्रपट पुरस्कार चार वेळा मिळवलेल्या बाय यांचे कष्ट मात्र कुठेच दिसत नाहीत.